युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबांना जुने कपडे पाठवावेत की पैसे?

सरळ पैसे द्या. कपडे गोळा करणं सोपं असतं, पण ते निवडायचे कुणी, ठेवायचे कुठे, पोहोचवायचे कसे? 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते.

जॉर्डनमधली झातरी छावणी बघा. 2012 मध्ये सीरियन कुटुंबांसाठी ती उघडली. सुरुवातीला तंबू आणि शिधा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने शिध्याऐवजी खरेदीसाठी रक्कम द्यायला सुरुवात केली. 2016 मध्ये तिथल्या सुपरमार्केटमध्ये नवी सोय आली: बाई काउंटरवर डोळा स्कॅन करायची आणि बिल तिच्या खात्यातून वळतं व्हायचं. तांदूळ घ्यायचा की मसूर, हे तिचं ती ठरवायची. (वाटपात मिळालेला शिधा पडत्या भावात विकून पोरांसाठी दूध आणायची वेळ येत नसे, हे काय कमी होतं?) लोकांनी तिथे स्वतःची दुकानंही थाटली, अगदी लग्नाचे पोशाख भाड्याने देण्यापर्यंत.

भारतातून युनिसेफ किंवा यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून पैसे देता येतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर मात्र एक रुपयाही टाकू नका. ऐन थंडीत, बाजारच बंद असेल तर ब्लँकेटं लागतातच. पण तीही तिथल्या संस्थांनी जवळपास खरेदी केलेली बरी.