नर्सिंगची पदवी पूर्ण व्हायला नेमकं काय काय लागतं? सगळे पेपर पास झाले की झालं का?

नाही. पेपर हा त्यातला सरळ भाग; गाडी अडते ती बहुधा क्लिनिकल तासांवर, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या तासांवर. युरोपीय संघाच्या नियमात एकूण किमान ४६०० तास आहेत आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. इतरत्र आकडे वेगळे असतात.

तास विभागवार मोजतात: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. सर्जिकल वॉर्डात जास्तीच्या ड्यूट्या केल्या म्हणून प्रसूती विभागातली तूट भरून निघत नाही. बुडालेली ड्यूटी त्याच विभागात भरावी लागते आणि तिथे जागा मिळेपर्यंत निकाल लांबू शकतो. लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या ड्यूट्यांच्या नोंदवहीवर, पर्यवेक्षकांची सही त्याच दिवशी घ्या. पर्यवेक्षक बदलल्या की जुन्या नोंदींवर सही मिळवताना नाकी नऊ येतात.

औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा अनेक कॉलेजं वेगळी घेतात, काही ठिकाणी १०० टक्के गुणांची अट घालून. द्यायचंय २५० मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे १० मिली. सूत्र सगळ्यांना येतं. चुकतं ते मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमच्या रूपांतरात, तिथे एक घोटाळा म्हणजे हजारपट फरक.

शिवाय पदवी हातात आली तरी नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. काही देशांत त्यासाठी वेगळी परवाना परीक्षाही असते.