दिरांची सायकल कुलपात

प्रश्न : आमचं गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्ह्यात. शेती कापूस-तुरीची. धाकट्या दिरांचे पाय लहानपणीच पोलिओनं गेले. सासरे होते तोवर ते तीनचाकी सायकलवर पानठेल्यापर्यंत जायचे, लोकांचे मोबाइल दुरुस्त करायचे. सासरे गेल्यावर आमच्या मालकांनी सायकलची चैन काढली, सायकल कोठीत टाकून कुलूप लावलं. ‘लंगडं गावभर फिरून माही इज्जत घालवते’ म्हणतात. निराधारच्या पैशाचं एटीएम कार्ड यांच्याच खिशात. दिरांचं ताट गोठ्याच्या ओसरीत. परवा काठीनं मारलं. आता हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागं लागलेत. सासूबाई म्हणतात, मोठा भाऊ बापाच्या जागी. मी सून, काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात यजमान बोलतात, सासूबाई बोलतात, दीर एकदाही बोलत नाहीत. लोकांचे मोबाइल उघडून पुन्हा जोडणारा माणूस आहे तो. यजमान वावरात गेले की त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, भाऊजी, तुमच्या मनात काय आहे? तक्रार करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

मला काठीपेक्षा ती चैन जास्त खुपली. रागाच्या भरात हात उठला, असं माणूस सांगतो तरी. चैन कोणी रागात काढत नाही, त्यासाठी पाना घेऊन बसावं लागतं. सायकल बंद, कार्ड खिशात, मग सहीचा कागद. एका ओळीत लावून बघा. आणि सासूबाईंना विचारा, बापानं कधी ही सायकल कुलपात टाकली होती का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ९२ सांगतं की दिव्यांगाच्या सहायक साधनाची नासधूस करणं किंवा ते वापरू न देणं हा गुन्हा आहे. ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड. कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्यात तहसीलदाराला, कोणीही देऊ शकतं. सूनसुद्धा. कार्डाचं सोपं आहे : दिरांनी बँकेला कळवून जुनं बंद करायचं, नवं मागायचं.

जमिनीचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, कलम २८ मध्ये, स्वच्छ लिहिलंय की शरीरातल्या व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. सासऱ्यांचं मृत्युपत्र नसेल तर दिरांचा वाटा तुमच्या यजमानांएवढाच. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकापुढे नोंदवावं लागतं, तरी घरातल्या कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा होऊ देऊ नका. सातबारा ऑनलाइन दिसतो. दिरांनाच काढू द्या, फेरफारात आपलं नाव चढलं का तेही तेच पाहतील.

काठी तुमच्याकडे वळली तर ११२ लावा. एकट्या मात्र उभ्या राहू नका. नणंद असेल तर तिला आधी सांगा. वाटा तिचाही आहे, ती कान देऊन ऐकेल.