भिंतीवरची बातमी आधी काढा

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: मुलीला दहावीला 94 टक्के. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. यंदा नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नाहीत. वडिलांना तिला लातूरला रिपीटर बॅचला पाठवायचंय, तिला माणसं अशी का वागतात ते, म्हणजे मानसशास्त्र, शिकायचंय. माणसांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या डॅन अ‍ॅरिएली या प्राध्यापकांची व्याख्यानं ती यूट्यूबवर ऐकते. वडिलांनी त्यांच्याच एका संशोधनातल्या बनावट आकड्यांची बातमी छापून आणली आणि तिच्या टेबलासमोर चिकटवली. त्यातच तिने टेस्टच्या निकालाचा फोटो फोनवर बदलून 287 चे 387 केल्याचं उघड झालंय. "आमचां चेडू हुशार आसा, पण लबाडांच्या नादाक लागलां," असं ते लिहितात आणि विचारतात, हा विषय घेऊ द्यावा का?

नमस्कार,

विषयाचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकले, आणि तुम्ही ते अगदी सहज लिहून गेलात. दर रविवारी टेस्टचे गुण ओटीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचे, "म्हणजे तिला जबाबदारी कळेल." तुमच्या ओटीवर कोण येतं? फवारणीचे गडी, पेट्या न्यायला आलेला टेम्पोवाला, शेजारी, सोयरे. चहा पिता पिता प्रत्येक जण तिचा आकडा वाचतो. अठरा वर्षांच्या मुलीला त्याच ओटीवरून रोज ये-जा करायची असते. तुमच्या चार पानी पत्रात तिच्या गुणांचा वर्षभराचा हिशेब आहे, पण ती कशाने थकते, कशाला घाबरते, लातूरबद्दल तिचं काय म्हणणं आहे, याबद्दल एक ओळ नाही.

तिने गुण बदलले ते चूकच. तिलाही मी हेच सांगेन. पण 287 चे 387 करून तिला काय मिळणार होतं? एक रविवार शांतपणे जेवता आलं असतं, एवढंच. ज्या घरात खरा आकडा सांगण्याची भीती वाटते, तिथे मुलं आकडे बदलतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांनी हे केलेलं असतं आणि त्यातलं एकही लबाड नसतं. त्यावर उपाय म्हणून तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर एका बदनाम प्रकरणाची बातमी लावलीत. म्हणजे रोज सकाळी पुस्तक उघडण्याआधी तिने 'मी त्यांच्यासारखीच' असं वाचायचं. ती बातमी आजच काढा. कॅलेंडरवरचे लाल आकडेही थांबवा.

आता ती बातमी. तुम्ही तिच्यावरून "हा सगळा विषयच थोतांड" असा निष्कर्ष काढलाय आणि तो साफ चुकीचा आहे, कारण तुम्ही बातमी अर्धीच वाचलीत. अ‍ॅरिएली अठरा वर्षांचे असताना एका स्फोटात भयंकर भाजले होते. उपचारांतल्या वेदनांवरून त्यांचं वागणुकीच्या अभ्यासाकडे लक्ष वळलं. पुढे ते एमआयटीत आणि नंतर ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक झाले, जगभर गाजले. 2012 मध्ये ते आणि आणखी चौघांनी एक शोधनिबंध छापला: 'मी खरं लिहीन' अशी सही फॉर्मच्या शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली, तर लोक कमी खोटं बोलतात. त्यातला एक भाग मोटार विम्याच्या 13,488 पॉलिसींवर उभा होता. 2020 मध्ये याच लेखकांनी तो परिणाम पुन्हा तपासला आणि तो सापडत नाही, असं स्वतःच छापलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये, नाव जाहीर न केलेल्या काही संशोधकांच्या मदतीने, उरी सायमनसोन, जो सिमन्स आणि लीफ नेल्सन या तिघा प्राध्यापकांनी विम्याचे ते आकडे बनावट असल्याचं दाखवून दिलं. हे तिघे कोण? वागणुकीचाच अभ्यास करणारे. निबंध मागे घेतला गेला. अ‍ॅरिएली म्हणतात की आकडे विमा कंपनीकडून आले, मी बनवले नाहीत. ते आजवर त्यावर ठाम आहेत. त्याच निबंधाच्या सहलेखिका, हार्वर्डच्या फ्रान्चेस्का जिनो, यांच्या इतर संशोधनावरही आक्षेप आले. त्यांनी आरोप नाकारले, तरी 2025 मध्ये हार्वर्डने त्यांची कायम प्राध्यापकी काढून घेतली. ज्या क्षेत्रातली माणसं नामवंतांचे आकडेही तपासायला काढतात, त्याला थोतांड कसं म्हणायचं?

त्यांनी ते पकडलं कसं, हे तुमच्या मुलीला नक्की आवडेल. मीटरच्या दोन नोंदींच्या मधल्या काळात गाड्या किती मैल चालल्या याचे आकडे शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत अगदी सारखे पसरलेले होते आणि पन्नास हजारांच्या पुढे एकही गाडी नव्हती. खऱ्या जगात बहुतेक लोकांची गाडी मध्यम अंतर चालते, मोजक्यांचीच खूप चालते. शिवाय माणसं मीटरचा आकडा सांगताना तो गोळाबेरीज करून सांगतात, 'पंचवीस हजार' म्हणून मोकळी होतात. दुसऱ्या नोंदीच्या आकड्यांत ही सवय कुठे दिसतच नव्हती.

हे मी एवढं सविस्तर का लिहिलं? तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही तक्रार केलीय की गेल्या हंगामात वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या सगळ्या पट्ट्या तिने वहीत उतरवल्या आणि 'खराब माल' म्हणून वजा झालेल्या पेट्या दर खेपेला दोनच आहेत, मग गाडीत तीस पेट्या असोत नाहीतर नव्वद, हे तुम्हाला दाखवलं. "तेवढा वेळ बायोलॉजीला दिला असता तर," असं तुम्ही पुढे लिहिलंत. अहो, तुमच्या मुलीने जे केलं तेच त्या तिघांनी केलं! तिला कोणी शिकवलेलं नसताना आकडा खोटा कसा दिसतो ते तिला दिसतं.

म्हणून माझं मत तुम्हाला आणि कदाचित तिलाही अनपेक्षित वाटेल: नीट नको, नुसतं मानसशास्त्रही नको. तिने संख्याशास्त्र घ्यावं. बारावीचं गणित आहेच. यंदा पुण्यात किंवा मुंबईत संख्याशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सीला प्रवेश घ्यावा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची तयारी ठेवावी. एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, प्रा. व. शं. हुजूरबाजारांनी उभारलेला. औषधांच्या चाचण्या, विमा, पीकपाहणी, सगळीकडे ही माणसं लागतात. वागणुकीचं संशोधन तिला नंतरही करता येईल, आणि तेव्हा ती दुसऱ्याने दिलेल्या आकड्यांवर अवलंबून राहणार नाही. रुग्णांवर उपचार करायची ओढ असेल तरच मानसशास्त्राची एमए आणि पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला अभ्यासक्रम, हा लांबचा रस्ता धरावा.

लातूरची फी भरली असेल तर किती परत मिळते ते विचारा. नाही मिळाली तरी तेवढ्यासाठी तिचं वर्ष घालवू नका.

आणि हे सगळं माझं मत झालं. तिचं मला माहीत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.