ऑनमेसेजला स्ट्रीममध्ये गुंडाळलं तरी टॅब का गोठतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या कारखान्यातल्या ४० मशीनची कंपनं आणि तापमान वेबसॉकेटवरून (सर्व्हर आणि ब्राउझरमधलं सतत उघडं कनेक्शन) ब्राउझरमध्ये येतं, प्रत्येक मशीनकडून सेकंदाला ५० नोंदी. ऑनमेसेजमध्ये, म्हणजे मेसेज आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, आलेली नोंद तुम्ही रीडेबलस्ट्रीममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या वाचायच्या रांगेत, ढकलता आणि दुसऱ्या टोकाला रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमच्या ठोक्यावर (स्क्रीन नव्याने रंगवताना, म्हणजे दर फ्रेमला, ब्राउझर देतो तो), साचलं असेल तेवढं वाचून आलेख काढता. सकाळभर झकास चालतं, जेवून आलात की टॅब गोठलेला. स्ट्रीम वापरली की मेमरीची काळजी मिटते असं वाचलं होतं, मग मिटली का नाही?

उत्तर तुमच्या जेवणातच आहे. तुम्ही डबा खायला गेलात, लॅपटॉप लॉक झाला किंवा दुसरा टॅब पुढे राहिला. टॅब दिसत नसला की ब्राउझर रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम थांबवतो, कारण न दिसणारं चित्र काढायचं कशाला? पण वेबसॉकेटचे मेसेज येतच राहतात. सेकंदाला २००० नोंदी, ४५ मिनिटं, म्हणजे ५४ लाख नोंदी रांगेत. तुम्ही परत येऊन माऊस हलवता आणि पहिल्याच फ्रेमला त्या सगळ्या एकदम अंगावर येतात. टॅब गोठणार नाही तर काय होणार!

आता स्ट्रीमने हे अडवलं का नाही? तर तिच्या हातात नळच नाही. रांग भरली की डिझायर्डसाइझ, म्हणजे रांगेत उरलेल्या जागेचा आकडा, शून्यावर येतो, मग उणे होतो. तो नुसता निरोप आहे. एनक्यू, म्हणजे रांगेत नोंद टाकणं, तरीही चालतं, चूक म्हणून काही फेकत नाही, आणि रांग वाढत जाते. ब्राउझरच्या जुन्या वेबसॉकेट एपीआयमध्ये "जरा थांब" म्हणायची सोयच नाही. थांबवता येणाऱ्या उगमाला स्ट्रीम जोडली तरच बॅकप्रेशर, म्हणजे उगमाला मागे थोपवणारा ताण, मिळतं. न थांबणाऱ्या उगमाभोवती गुंडाळली तर मिळते फक्त देखणी रांग.

पुण्यात राहून धरणाचं उदाहरण टाळणं मला जमणार नाही. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसीचं. खरा साठा वर, पानशेतला १०.६५ आणि वरसगावला १२.८२. खालचं धरण लहान असून चालतं, कारण वरच्यांना दरवाजे आहेत. हायवॉटरमार्कचं, म्हणजे रांगेच्या ठरवलेल्या मर्यादेचंही तसंच: तो लहान ठेवायचा आणि साठवण वर, म्हणजे सर्व्हरकडे ठेवायची. तुमच्याकडे वरच्या धरणांना दरवाजेच नाहीत, त्यामुळे खालचं कितीही मोठं बांधलंत तरी खालचा, नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली जाणारच.

म्हणून स्ट्रीमच्या आधी एक ठरवा: मधली नोंद गेली तर चालेल का?

तुमच्या आलेखासाठी माझ्या मते चालेल. स्क्रीन साधारण सेकंदाला ६० वेळा रंगते, म्हणजे एका फ्रेममागे तुमच्या ३३ नोंदी. त्या सगळ्या बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एक मॅप ठेवा, मशीनचा क्रमांक ही किल्ली आणि ताजी नोंद ही किंमत. ऑनमेसेजने मॅपमध्ये लिहायचं, फ्रेमने मॅप वाचायचा. टॅब तासभर मागे राहिला तरी मॅपमध्ये ४०च नोंदी. कंपनाचं टोक हुकेल अशी भीती असेल तर ताज्या नोंदीबरोबर गेल्या फ्रेमनंतरची कमाल आणि किमानही ठेवा. यात स्ट्रीम कुठेच नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

एकही नोंद गमावून चालत नसेल, समजा धोक्याच्या सूचनांची नोंदवही आहे, तर मागणीप्रमाणे पुरवठा करा. रीडेबलस्ट्रीम बनवताना पुल नावाचं फंक्शन देता येतं, आणि रांगेत जागा असली की ब्राउझर ते बोलावतो. त्यातून त्याच सॉकेटवर सर्व्हरला निरोप पाठवायचा, "अजून २०० पाठव". सर्व्हरने तेवढ्याच पाठवून थांबायचं. हा दरवाजा तुम्ही स्वतः बसवलेला, पण खरा. स्ट्रीमच्या कॅन्सल फंक्शनमध्ये सॉकेट बंद करायला विसरू नका, नाहीतर वाचणारा गेला तरी कनेक्शन उघडंच राहतं.

तिसरा रस्ता वेबसॉकेटस्ट्रीमचा, म्हणजे वेबसॉकेटच्या नव्या, स्ट्रीमवर बेतलेल्या एपीआयचा. क्रोममध्ये ती १२४व्या आवृत्तीपासून, २०२४ साली, सर्वांना खुली झाली. ओपन्ड या प्रॉमिसमधून रीडेबल आणि रायटेबल अशी दोन्ही टोकं हातात येतात. तुम्ही वाचायचं थांबलात की ब्राउझरही सॉकेटवरून उचलायचं थांबतो, टीसीपीची खिडकी (समोरच्याने अजून किती पाठवावं याची मुभा) मिटते आणि ताण थेट सर्व्हरपर्यंत पोचतो. मात्र फायरफॉक्स आणि सफारीच्या भरवशावर ती वापरू नका. शॉपफ्लोअरच्या भिंतीवरचा एकच ठरलेला क्रोम असेल तर मी बिनधास्त वापरीन.

पण ताण सर्व्हरपर्यंत पोचला की पुढचं दुखणं सुरू होतं, आणि त्यात माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी हिंजवडीत एका कंपनीत होतो. आमचा नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) सर्व्हर रोज संध्याकाळी साडेसहा-सातला मेमरी संपून पडायचा. आठवडाभर क्वेरी तपासल्या, कुणी क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना, शिव्या घातल्या. निघालं असं की त्या वेळेला सगळे लॅपटॉपची झाकणं मिटून बस पकडायला पळत. झाकण मिटलं, पण कनेक्शन बंद केल्याचं पाकीट काही सर्व्हरपर्यंत येत नसे. लिनक्स मूळ सेटिंगला साधारण १५ मिनिटं पुन्हापुन्हा पाठवून बघतं आणि मग नाद सोडतं. तोवर आमचा कोड त्या मेलेल्या प्रत्येक कनेक्शनवर सेंड करत होता. सेंड कधी अडत नाही, नुसतं साठवतं. लोक वाकडच्या ट्रॅफिकमध्ये, आणि त्यांचा डेटा आमच्या रॅममध्ये.

तेव्हापासून दोन गोष्टी डोळे झाकून करतो. दर ३० सेकंदांनी सर्व्हरकडून पिंग ("आहेस का?"), आणि पुढच्या फेरीपर्यंत त्याचं उत्तर, पाँग, आला नाही तर कनेक्शन तोडायचं. पिंग सर्व्हरनेच करायचा, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग फ्रेम पाठवता येत नाही. दुसरं, पाठवण्याआधी त्या क्लायंटचा बफर्डअमाउंट, म्हणजे अजून न गेलेला साठा, बघायचा. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर नोंद गाळायची, आणि उतरतच नसेल तर त्याचंही कनेक्शन तोडायचं.

नोडमध्ये डब्ल्यूएस ही वेबसॉकेटची लायब्ररी असेल तर तिचं क्रिएटवेबसॉकेटस्ट्रीम तुम्हाला तयार डुप्लेक्स, म्हणजे वाचता-लिहिता येणारी स्ट्रीम, देते, आणि वाचणारा मागे पडला की सॉकेट ती स्वतःच थांबवते. इथे ठेच लागते ती मेसेजच्या सीमांवर. ती मुळात बाइटची स्ट्रीम आहे, दोन जेसन मेसेज एकमेकांना चिकटून येऊ शकतात. वाचायच्या बाजूला ऑब्जेक्टमोड लावा, म्हणजे प्रत्येक मेसेज सुटा येतो. पाठवताना स्ट्रिंग टाकलीत तर तीही बफर होऊन बायनरी म्हणून जाते. मजकूर म्हणूनच जायला हवी असेल तर डिकोडस्ट्रिंग्ज हा पर्याय बंद करा. एक स्ट्रीम दुसरीला जोडताना पाइप हे फंक्शन नको, पाइपलाइन वापरा. पाइप चुका पुढे नेत नाही, एक टोक तुटलं की दुसरं लोंबकळत राहतं.

आणि एकच उगम ५० क्लायंटना पाइप करायचा मोह टाळा. नोडमध्ये उगम सगळ्यात हळू क्लायंटसाठी थांबतो. एकाचं वायफाय रडलं की ५० जणांचे आलेख अडकतात. प्रत्येकाला स्वतःची छोटी रांग द्या, भरली की त्याच्यापुरतं गाळा.

आधी मॅपवाला बदल करा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग टॅब मागे ठेवून खरोखर जेवायला जा, आणि जाण्याआधीचा व आल्यानंतरचा हीप स्नॅपशॉट (ब्राउझरच्या डेव्हटूल्समधलं मेमरीचं चित्र) घ्या. तरीही मेमरी चढलेली दिसली तर दोन्ही आकडे आणि आलेखाची लायब्ररी कोणती ते इथे लिहा. काही लायब्ऱ्या आधीचे बिंदू स्वतःकडे धरून ठेवतात, ते मग वेगळं प्रकरण आहे.