ऑस्ट्रेलियातली सोलर कारची शर्यत सुरू कशी झाली, आणि गाड्या इतक्या सुधारल्या तरी ती अजून अवघड कशी? आणि तिचा उपयोग काय?

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर असतो. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगची पोरं सोलर गाडीच्या चाकांचे हब करून घ्यायला आमच्याकडे आली, तेव्हापासून या शर्यतीचा नाद लागला. म्हणून तुमचा प्रश्न दिसताच लिहायला बसलो.

सुरुवात हान्स थोलस्ट्रप या माणसानं केली. जन्म डेन्मार्कचा, राहणं ऑस्ट्रेलियात. 1982 च्या डिसेंबरात तो आणि रेसर लॅरी पर्किन्स 'क्वाएट अचीव्हर' नावाची गाडी घेऊन पर्थहून निघाले आणि निव्वळ उन्हावर 4000 किलोमीटर तोडून 20 दिवसांत सिडनीला पोचले. वेग आपल्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टरएवढा! पण पोचले. त्यातूनच 1987 मध्ये उत्तर टोकाचं डार्विन ते दक्षिणेचं ॲडलेड अशी शर्यत भरली. अंतर सुमारे 3000 किलोमीटर, म्हणजे बेळगाव-पुणे जवळजवळ नऊ वेळा. सकाळी 8 ते संध्याकाळी 5 पळायचं, पाच वाजले की जिथं असाल तिथं रस्त्याकडेला तंबू ठोकायचा. मग मावळतीच्या उन्हाकडे पॅनेल तिरकं धरून पोरं शेवटचा किरणसुद्धा बॅटरीत भरून घेतात.

पहिल्या वर्षी जनरल मोटर्सची 'सनरेसर' ताशी सरासरी 67 किलोमीटरनं जिंकली. 1996 मध्ये होंडा 90 च्या जवळ गेली. 2005 मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या पोरांची 'नूना 3' 103 च्या आसपास पळाली. रस्ता सगळ्यांचा, वाहता हायवे. दक्षिणेकडच्या राज्यात वेगाची मर्यादाच 110. आता याच्या पुढे शर्यत लावायची कशाची?

माझ्या मते ही शर्यत टिकली ती इथं. आयोजकांनी पॅनेलच कापलं. 2007 पासून 6 चौरस मीटर, शिवाय चालकानं आडवं न पडता सरळ बसायचं. 2013 ला चार चाकं सक्तीची झाली. 2017 ला सिलिकॉनचं पॅनेल फक्त 4 चौरस मीटर, म्हणजे डबल बेडपेक्षा जरासं मोठं. त्यातून भर दुपारी मिळणार एक किलोवॅटच्या आसपास, शेतातल्या 5 एचपीच्या पंपाला लागते त्याच्या पाव हिस्सा वीज. तरी त्या वर्षी विजेती गाडी सरासरी 81 नं पळाली आणि 2019 ची 86 च्या वर. ऊन कमी केलं तसा हवेचा अडथळा, वजन, चाकाचं घर्षण यांतला ग्रॅम न् ग्रॅम हिशेबात आला.

ते हिशेब म्हणजे काय हे मी हातानं बघितलंय. पोरांनी बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस पेट्रोलनं धुऊन काढलं आणि पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. नंतर चाकाला बोटानं टिचकी मारली, तर माझा चहा पिऊन झाला तरी ते फिरतच होतं. दुसऱ्या दिवशी पॅनेल उन्हात मांडलं होतं. मी सहज एका सेलवर तळहात धरला आणि करंट मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा धाडकन खाली आला. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की अख्ख्या ओळीचा करंट अडतो. त्या दिवसापासून झाडाची सावली मला वेगळीच दिसते.

उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंय. 'सनरेसर'च्या अनुभवातूनच जनरल मोटर्सची 'ईव्ही 1' ही विजेची गाडी आली. 2013 पासून या शर्यतीत माणसं बसवून नेणाऱ्या गाड्यांचा वेगळा गट आहे. त्यात पहिल्याच वर्षी नेदरलँड्सच्याच आइंडहोवनची चार जणांची 'स्टेला' जिंकली. धोकाही आहे बरं का. 2019 ला डेल्फ्टची गाडी सगळ्यांच्या पुढे असताना शेवटच्या टप्प्यात पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला आणि बेल्जियमच्या पोरांनी बाजी मारली. 2021 ची शर्यत कोरोनानं बुडाली.

2025 ला शर्यत ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्ये घेतली. तिकडे तेव्हा हिवाळा, दिवस लहान, सूर्य खाली. पुन्हा ऊनच कमी! जिंकली डेल्फ्टचीच गाडी. आमच्याकडे ऑगस्टात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पोरांची गाडी तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीखाली असायची, आणि जरा उघडीप झाली की कोणीतरी पळत जाऊन ताडपत्री ओढायचं.