एमएक्स-५ : जुनी घ्यावी की नवी?

माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या छताच्या गाडीच्या आतापर्यंत चार पिढ्या झाल्या. पहिली १९८९ मध्ये आली, मग १९९८, २००५ आणि २०१५ मध्ये पुढच्या. या गाड्यांची दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे प्रश्न सतत येतात आणि बहुतेकांमध्ये गोंधळ एकच असतो. जुन्या-नव्याची तुलना लोक इंजिनाच्या आकड्यांपासून सुरू करतात, आणि ज्यावर गाडी घ्यायची की सोडायची हे ठरतं तो पत्रा शेवटी बघतात, तोही वरवर. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

माझ्याकडे २०१६ची चौथ्या पिढीची गाडी आहे. १९९१ची पहिल्या पिढीची चांगली गाडी मिळते आहे. नवी विकून जुनी घेऊ का?

गाडी रोज चालवत असाल तर नको. रविवारी सकाळी दोन तास चालवायची असेल आणि दारात दुसरी गाडी असेल, तर विचार करा.

जुन्या गाडीत जे मिळतं ते नव्या गाडीत नाही, हे मी मान्य करतो. बॉनेटमधून वर उघडणारे आणि पुन्हा आत मिटणारे पुढचे दिवे फक्त पहिल्या पिढीत आहेत. छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतं. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी असेल तर रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहाताला कळतो. नव्या गाडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक आहे, पण इतकं बोलत नाही. मात्र जुनीला स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस बऱ्याच गाड्यांना नाही, आणि मागची काच प्लास्टिकची आहे. ओल्या वळणावर पाय चुकला तर नवी गाडी सावरून घेते, जुनी घेत नाही.

सुट्या भागांची भीती मात्र आता पूर्वीइतकी नाही. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या पुनर्बांधणीची सेवा जाहीर केली आणि त्यासाठी छतासारखे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. तुमच्या भागात त्यातलं काय मिळतं, हे सौदा करण्याआधी विचारून घ्या. आणि नवी विकण्याआधी जुनी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. हा क्रम उलटा करू नका.

नवी गाडी जुनीइतकीच हलकी आहे, हे खरं की जाहिरात?

बरंचसं खरं आहे. पहिली गाडी जपानमध्ये ९४० किलोपासून होती, चौथ्या पिढीची सर्वांत हलकी आवृत्ती ९९० किलोची. एअरबॅग, मजबूत सांगाडा आणि आजचे सुरक्षेचे नियम धरून पन्नास किलोचाच फरक राखणं, याला मी मोठं काम म्हणतो. लांबीला तर नवी गाडी पहिलीपेक्षा थोडी आखूडच आहे. पहिल्या १.६ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती होती, आजच्या १.५ लिटरची १३० च्या आसपास आहे. पण तुम्ही बघताय ती गाडी २ लिटरची, सरकत्या कडक छताची आणि सगळ्या सोयींची असेल, तर ९९० हा आकडा तिचा नव्हे. कागदावर त्याच गाडीचं वजन बघा.

तिसरी पिढी सगळेच टाळा म्हणतात. का?

कारण सगळ्यांनी ते एकमेकांकडून ऐकलंय. गाडी मोठी झाली, वजन अकराशे किलोच्या आसपास गेलं, आणि लिहिणाऱ्यांनी नाक मुरडलं. ज्याला पाय पसरायला जागा हवी, टायमिंग बेल्टऐवजी (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याऐवजी) चेन हवी आणि खर्च आवाक्यात हवा, त्याच्यासाठी ही पिढी उत्तम आहे. २००६ पासून तिला विजेवर मिटणारं कडक छतही मिळालं, डिकीची जागा न खाता. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, मात्र स्वतः काढून बघा. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाने इंजिनाकडे लक्ष दिलेलं नाही, आणि या इंजिनाला कमी तेल सोसत नाही.

पहिल्या पिढीची गाडी पाहिली. मागच्या चाकाच्या पुढे रंगाला दोन फुगवटे आहेत. विकणारा म्हणतो, वरवरचा गंज आहे, अर्ध्या दिवसाचं रंगकाम. खालून गाडीला नुकतंच काळं कोटिंग केलंय. घेऊ का?

थांबा. टोकनही देऊ नका. याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

ते फुगवटे बाहेरून आत गेलेले नाहीत, आतून बाहेर आलेले आहेत. छतावर पडलेलं पाणी कापडाच्या मागच्या कडेखालच्या पन्हळीत जातं, तिथून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत, सीट बेल्टच्या खांबाजवळच्या छिद्रांतून खाली, आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली बाहेर पडतं. त्या मार्गात पानं, धूळ आणि कापडाचे धागे साचले की चिखलाचा बोळा बनतो. पाणी तुंबतं, वाट शोधतं आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये उतरतं. तिथे ते वाळत नाही. रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतला थर बहुतेक वेळा गेलेला असतो.

बंद छताच्या गाडीत हा गंज वाईट, पण उघड्या गाडीत तो धोक्याचा. छत नाही म्हणून गाडीला वाकण्यापासून रोखायचं बरंचसं काम सिलच करतं. सिल पोकळ झालं की जॅकवर उचलताना दाराची फट बदलते. हे स्वतः बघता येतं: दार बंद करून फटीत बोट फिरवा, मेकॅनिकला गाडी उचलू द्या, पुन्हा फिरवा. फट वर अरुंद झाली किंवा दार कुरकुरत उघडलं, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आता ते काळं कोटिंग. विकायच्या महिन्यात केलेलं कोटिंग गाडीच्या रक्षणासाठी नसतं, तुमच्या डोळ्यांसाठी असतं. गंज न काढता त्यावर फासलेला डांबरी थर ओल आत कोंडतो आणि गंज वाढवतो. पुट्टी भरून वर रंग मारणं ही त्याचीच बहीण. सिलवर कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. शेजारी धरतं आणि मध्येच सुटतं, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. विकणारा चुंबक लावू देत नसेल तर उत्तर मिळालं.

दुसऱ्या पिढीच्या गाडीत सिलबरोबर पुढच्या बाजूच्या चॅसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पेट्याही बघायला लागतात. तिथे पत्र्याचे थर एकमेकांत बसवलेले आहेत, गंज आतल्या थरात सुरू होतो आणि बाहेरून शेवटी दिसतो. हे लिफ्टशिवाय कळत नाही.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आधीच आहे, त्यांनी हे आजच करावं. छत अर्धवट उघडा, एका बाजूच्या कोपऱ्यात कपभर पाणी सावकाश ओता आणि कुणाला तरी गाडीखाली बघायला सांगा. काही क्षणांत त्याच बाजूला धार दिसली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा सीटमागचा गालिचा ओला झाला, तर मार्ग तुंबलाय. मऊ, जाड नायलॉनची दोरी वरून हळूहळू सरकवा. तार खुपसू नका आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निखळते. नव्या पिढ्यांत या मार्गाची रचना वेगळी आहे, म्हणून हस्तपुस्तिका उघडा किंवा माहीतगाराकडून करून घ्या. "पावसाळ्यानंतर बघू" असं लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुमचं सिल याच पावसाळ्यात सडतं.

तुमच्या प्रश्नापुरतं: सिल कापून नवा पत्रा वेल्ड करायला किती खर्च येईल, हे जुन्या उघड्या गाड्यांचं काम केलेल्या वेल्डरकडून लेखी घ्या. तो किमतीतून वजा करून गाडी परवडते का बघा. बहुतेकदा थोडी महाग पण कोरडी गाडीच स्वस्त पडते.

१.५ लिटरच्या नव्या गाडीला इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलणारी चिप लावून ४० अश्वशक्ती वाढतात का?

नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात चिपने एवढी ताकद येत नाही. वॉरंटी आणि विमा मात्र अडचणीत येऊ शकतात.

चौथ्या पिढीचा गिअरबॉक्स कच्चा आहे, असं वाचलं.

सुरुवातीच्या काही गाड्यांत तक्रारी आल्या आणि कंपनीने पुढे आतले भाग सुधारले. तुमच्या गाडीत कोणता आहे, हे चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसला विचारा. गरम इंजिनावर दुसरा आणि तिसरा गिअर टाकताना खरखर येत असेल तर आजच दाखवा.

माझी १९९६ची गाडी फक्त ४५,००० किलोमीटर चाललीय. टायमिंग बेल्ट एक लाखाला बदलतात ना?

बेल्ट रबराचा आहे. रबर फक्त किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं. एक लाख किलोमीटर हा आकडा नियमित चालणाऱ्या गाडीचा. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असं समजून बदला. इंजिन उघडलंच आहे तर पाण्याचा पंप आणि तेल रोखणारे रबरी सील त्याच वेळी घ्या, मजुरी एकदाच लागते.

कमी चाललेल्या गाडीत टायरचंही हेच होतं. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचा. ओल्या रस्त्यावर जुनी गाडी मागून सटकते, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत मी सस्पेन्शनला हात लावण्याआधी हे आकडे बघतो.

मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलीय. पॉलिश चालेल?

थोडे दिवस. मग बदला. आणि छत मागे टाकण्याआधी काचेची चेन उघडून ती सपाट झोपवा. थंडीत घडी घालू नका, तडकते.

जुन्या गाडीत माझ्या मुलाला शेजारी बसवणं सुरक्षित आहे का? रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर आधार देणारी सीटमागची कमान, लावला तर?

या प्रश्नाचं पत्रातून "हो" असं उत्तर मी देणार नाही. जुन्या गाडीची पुढच्या काचेची चौकट गाडी उलटल्यावर आधार देईल, असं धरून चालू नका. रोल बार चांगला, पण तो डोक्याच्या फार जवळ बसला तर हेल्मेट नसलेलं डोकं मागून त्यावरच आपटतं. म्हणून बार, त्याचं पॅडिंग आणि सीटची जागा एकत्र ठरवावी लागते. शेजारच्या बाजूला एअरबॅग आहे का, ती बंद करता येते का, मुलाचं वय आणि उंची किती, तुमच्याकडचा नियम काय, हे सगळं एखाद्या जाणकाराने गाडी आणि मूल समोर ठेवून बघायला हवं. तुलना हवीच असेल तर, २०१५ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने चौथ्या पिढीला पाचपैकी चार तारे दिले होते. पहिल्या गाडीच्या काळात ही चाचणीच नव्हती. मुलासाठी मी नवी गाडी निवडेन.

माझी उंची सहा फूट दोन इंच. कोणती पिढी?

बसून बघा. पहिल्या दोन पिढ्यांत स्टिअरिंग जागचं हलत नाही. २०१८च्या सुधारणेनंतर चौथ्या पिढीत ते पुढे-मागेही होतं आणि उंच माणसाला त्याने बराच फरक पडतो. छत लावून बसा, क्लच पूर्ण दाबा, पूर्ण वळण घ्या. मग लिहा, गाडी कोणत्या वर्षाची होती आणि गुडघा कुठे अडला.