वाचक विचारतात : दोनच टीमची लीग, आणि तरी चुरस?

गेल्या महिन्यात बेटांवरच्या फुटबॉलचा ओझरता उल्लेख केला होता आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : इंग्लंडच्या एका बेटावर फक्त दोन टीमची फुटबॉल लीग आहे असं मित्र सांगतो. हे खरंच आहे का? आणि दोनच टीम असतील तर त्याला लीग कसं म्हणायचं?

अगदी खरं आहे. सिली बेटं म्हणून आहेत, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलपासून साधारण 45 किलोमीटर समुद्रात, पाच बेटांवर वस्ती आणि सगळी मिळून माणसं दोन हजारांच्या थोडी वर. तिथल्या सेंट मेरीज या सगळ्यात मोठ्या बेटावर ही लीग चालते. टीम दोन, वुलपॅक वाँडरर्स आणि गॅरिसन गनर्स. मैदान एकच, गॅरिसन फील्ड, जुन्या तटबंदीच्या आत उंचावर, त्यामुळे अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो. रविवारी सकाळी मॅच. पुढच्या रविवारी पुन्हा मॅच, समोर पुन्हा तेच, असं अख्ख्या हंगामात पंधरा-वीस वेळा होतं. जगातली सगळ्यात छोटी लीग म्हणून तिचं नाव झालंय आणि 2008 साली आदिदासने तिथे जाहिरात केली तेव्हा बेकहॅम आणि जेरार्डसारखे खेळाडू त्यात होते.

पूर्वी तिथे जास्त टीम होत्या, बेटाबेटांच्या. 1950 च्या दशकात कमी होत होत दोन उरल्या, रेंजर्स आणि रोव्हर्स, आणि 1984 मध्ये त्यांची नावं बदलून आजची झाली. आता तुम्ही म्हणाल की मग समोरच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मोठ्या लीगमध्ये का नाही खेळत? तर कॉर्नवॉलच्या पेन्झान्स बंदरातून येणारी प्रवासी बोट हिवाळ्यात बंद असते, नोव्हेंबरात थांबते ती मार्चमध्ये सुरू होते, आणि फुटबॉलचा हंगाम नेमका त्याच मधल्या महिन्यांत. उरलं छोटं विमान नाहीतर हेलिकॉप्टर, ते धुकं आलं की उडत नाही, आणि उडालं तरी दर पंधरा दिवसांनी अख्ख्या टीमचं तिकीट कोण काढणार? उन्हाळ्यात खेळायचं म्हटलं तर तेव्हा बेट पाहुण्यांनी भरलेलं असतं, ज्याची बोट आहे तो बोटीवर आणि ज्याचं गेस्टहाऊस आहे तो तिथे अडकलेला, रविवारची सकाळ मोकळी कुणाला मिळणार? म्हणून हिवाळा, म्हणून दोनच टीम आणि म्हणून एकच मैदान. लोक ऐकून हसतात, मला ते नाही पटत. तिथे पॉइंट टेबल आहे, कप आहेत, रेफरी आहे, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची मान्यता आहे. अजून काय हवं लीग म्हणायला?

प्रश्न : मग एक टीम भारी निघाली तर वर्षभर तीच जिंकणार ना? आणि सारखं त्याच माणसांशी खेळून भांडणं नाही होत?

या प्रश्नासाठी मनापासून थँक्यू, कारण सगळी गंमत इथेच आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी जेवढे खेळणारे असतील तेवढ्यांची नावं एकत्र करतात आणि दोन कॅप्टन बसून आळीपाळीने एकेक खेळाडू मागून घेतात. लहानपणी आपण मैदानात उभं राहून करायचो ना, "हा माझा, तो तुझा", अगदी तसंच, फक्त इथे मोठी माणसं करतात आणि ती निवड वर्षभर पाळायची असते. म्हणजे टीमचं नाव आणि शर्ट तेच राहतात, आतली माणसं मात्र दरवर्षी नव्याने वाटली जातात. गेल्या वर्षी ज्याच्या पासवर तुम्ही गोल मारलात तोच यंदा तुमचा डिफेंडर म्हणून समोर उभा, आणि त्याला तुमचा डावा पाय कच्चा आहे हे पक्कं माहितीये.

माझ्या मते लीग टिकली ती या एका गोष्टीमुळे. कायमच्या टीम ठेवल्या असत्या तर चार-पाच वर्षांत एक बाजू वरचढ झाली असती, दुसरीकडची पोरं कंटाळून गळाली असती, आणि मग एकाच टीमने खेळायचं कुणाशी? एवढ्याशा बेटावर दोनदा अकरा जण जमवणं हेच मुळात मोठं काम आहे, कुणी शिकायला मेनलँडला जातो, कुणी गुडघा धरून बसतो, आणि त्याच्या जागी आणायला दुसरं गाव नाही. त्यामुळे बरोबरीचे संघ करणं ही तिथे गरजच आहे.

भांडणाचं म्हणाल तर ज्याला रविवारी पाडलं तो सोमवारी दुकानात समोर येतो, तोंड चुकवून जायला रस्ताच नाही, बेट असून असून किती मोठं, साधारण सहा चौरस किलोमीटर. त्यामुळे मनात धरून बसणं परवडत नाही. आणि हो, कपमध्ये दोन्ही टीम थेट फायनललाच असतात, सेमीफायनल हा प्रकारच नाही.

प्रश्न : स्कॉटलंडच्या लुईस आणि हॅरिस बेटावरची लीग उन्हाळ्यात खेळतात असं वाचलं. बाकी ब्रिटनमध्ये तर हिवाळ्यात फुटबॉल असतो, मग इथे उलटं का?

उजेडामुळे. हे बेट इतकं उत्तरेला आहे की डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारच्या आसपासच सूर्य मावळतो, आणि जूनमध्ये मात्र रात्री साडेदहापर्यंत उजेड. म्हणजे दिवसभर काम करून, जेवून, मग संध्याकाळी अख्खी मॅच खेळता येते, फ्लडलाइटचा खर्च नाही. त्यात हिवाळ्यातली वादळं आणि पाण्याने फुगलेली मैदानं, तेव्हा खेळायचं ठरवलं तर निम्म्या मॅच पुढेच ढकलाव्या लागतील.

दुसरी गोष्ट रविवारची. सिलीत रविवार म्हणजे मॅचचा दिवस, लुईसमध्ये रविवारी लीगची मॅच नाही. चर्चचा सब्बाथ, म्हणजे रविवारी काम-खेळ बंद, तिथे आजही बरेच लोक मनापासून पाळतात, इतका की तिथल्या मुख्य गावातून, स्टॉर्नोवेहून, मेनलँडला जाणारी फेरी बोट रविवारी सुटायला 2009 साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही मोठा वाद झाला. म्हणजे हंगाम कधी, मॅच कुठल्या वारी, हे दोन्ही बेटानेच ठरवलं. तिथे टीम मात्र गावांच्या आहेत, नेस, बॅक, पॉइंट, कार्लोवे, लॉक्स अशा, आणि गाव न बघता माणसं वाटायची हे तिथे कुणाला सुचणारसुद्धा नाही, बापाने ज्या गावासाठी खेळलं त्याच गावासाठी पोरगा खेळतो.

प्रश्न : मी नववीत आहे, विंगर खेळतो. असल्या बेटावरच्या लीगमधून कधी कुणी मोठ्या स्टेजवर पोहोचलंय का?

पोहोचलंय की, आणि दणक्यात पोहोचलंय. फॅरो बेटांचं नाव ऐकलं असशील, उत्तर अटलांटिकमध्ये 18 बेटं, लोक साधारण 54 हजार. त्यांची लीग 1942 मध्ये सुरू झाली, महायुद्ध चालू होतं, बेटांवर ब्रिटिश सैन्य होतं, आणि 1944 चा हंगाम तर झालाच नाही, का माहितीये? फुटबॉलच मिळत नव्हते. पोरं होती, मैदानं होती, बॉल नव्हते.

पुढे 1990 मध्ये त्यांच्या देशाच्या टीमने आपल्या पहिल्याच स्पर्धात्मक मॅचमध्ये ऑस्ट्रियाला 1-0 हरवलं, आणि ती मॅच स्वीडनमध्ये जाऊन खेळावी लागली कारण बेटांवर नियमात बसेल असं गवताचं मैदानच नव्हतं. गोलकीपर लोकरीची गोंड्याची टोपी घालून उभा होता, फोटो शोधून बघ.

पण तू लीगचं विचारलंयस म्हणून 2023 सांगतो. पहिल्या म्हणजे 1942 च्या हंगामाचा चॅम्पियन क्लाक्सविक गावचा केआय क्लब होता, आणि 81 वर्षांनी हाच क्लब चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफाइंगमध्ये हंगेरीच्या फेरेन्सवारोशसमोर आला. घरी 0-0, मग बुडापेस्टला जाऊन 3-0. गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास, टीममधले कितीतरी जण फुटबॉलशिवाय दुसरी नोकरी करणारे. पुढच्या फेरीत स्वीडनच्या हॅकेनला पेनल्टीवर काढलं, मग नॉर्वेच्या मोल्डेशी घरी 2-1 जिंकले पण तिकडे जादा वेळेत हरले, त्यानंतर खालच्या पायरीच्या युरोपा लीगचंही दार बंद झालं आणि शेवटी तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगच्या ग्रुपमध्ये आले. युरोपातल्या कुठल्याही ग्रुप स्टेजला पोहोचलेला फॅरोचा तो पहिला क्लब. तिथे फ्रान्सच्या लीलला फॅरोच्या राजधानीत, टोर्शावनमध्ये, 0-0 वर रोखलं आणि स्लोव्हेनियाच्या ओलिंपियाला 3-0 हरवलं.

आणि हे सगळं चालू असताना घरची लीग थांबलेली नव्हती बरं का, दहा टीम, प्रत्येकीशी तीनदा, म्हणजे 27 मॅच, वसंतात सुरू करून शरदात संपवायच्या, मध्येच युरोपचं विमान पकडायचं आणि परत येऊन पुन्हा शेजारच्या बेटावरच्या पोरांशी खेळायचं. त्या वर्षी लीगही त्यांनीच जिंकली.